विज्ञान शाखेतील विद्यार्थिनी : पदवीपासून व्यवसायापर्यंतच्या वाटेवर अध्यापकाची भूमिका

सारांश

विज्ञान शाखेकडे मुली वळत नाहीत, हे गृहीतक आता वस्तुस्थितीला धरून राहिलेले नाही. मुली विज्ञानाची पदवी मोठ्या संख्येने घेतात. परंतु संशोधन, तंत्रज्ञान व उद्योग या क्षेत्रांत त्यांचे प्रमाण एकाएकी घटते. ही घट प्रवेशाच्या वेळी होत नसून पदवी अभ्यासक्रमाच्या काळात व त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत होते, म्हणजेच विद्यार्थिनी महाविद्यालयीन अध्यापकाच्या सहवासात असताना होते. प्रस्तुत लेखात या गळतीची ठिकाणे व अध्यापकाच्या नकळत घडणारे निवाडे यांचा ऊहापोह केला असून, वर्ग, प्रयोगशाळा, शिफारसपत्र, माहितीचा प्रसार आणि पालकांशी संवाद या पाच बाबतींत करता येण्याजोग्या गोष्टींची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : विज्ञान शिक्षण, विद्यार्थिनी, लिंगभाव, प्रात्यक्षिक, शिफारसपत्र, शिष्यवृत्ती

१. प्रस्तावना

‘मुलींनी विज्ञानाकडे वळावे’ हे वाक्य महाविद्यालयांच्या व्यासपीठांवरून दरवर्षी उच्चारले जाते. तथापि अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२च्या अहवालाने या वाक्याचा आधारच काढून घेतला आहे. त्या वर्षी देशात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत एकूण ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांपैकी मुली २९.८ लाख, तर मुले २७.४ लाख होती. म्हणजेच विज्ञानाच्या वर्गात आज मुलींचीच संख्या अधिक आहे. अभियांत्रिकीत मात्र हे चित्र नाही. तेथे मुलींचे प्रमाण अद्याप एकतृतीयांशापेक्षा कमी आहे.

याच्या शेजारी दुसरी आकडेवारी ठेवून पाहावी. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, बाहेरून अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संशोधन प्रकल्पांत स्त्रियांचा सहभाग २०००-०१मध्ये १३ टक्के होता. तो २०२०-२१मध्ये २५ टक्क्यांपर्यंत पोहोचला. ही वाढ निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु वर्गात निम्म्याहून अधिक असलेल्या मुली संशोधनात एकचतुर्थांश उरतात, हेही त्यातून दिसते. आजच्या संशोधिका वीस वर्षांपूर्वीच्या वर्गांतून आल्या आहेत, हे लक्षात घेऊनही ही तफावत केवळ काळाच्या ओघात आपोआप भरून निघेल, असे मानण्यास आधार नाही.

मधल्या टप्प्यावर या मुली कोठे जातात? आपल्या परिसरातील उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. अनेक विद्यार्थिनींच्या बाबतीत बी.एस्सी. ही पदवी विवाहाच्या परिचयपत्रकातील एक ओळ होऊन राहते. पदार्थविज्ञानात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली मुलगी निकालानंतर वर्षभराने आपला दाखला नेण्यासाठी येते, तेव्हा तिच्याशी विषयाबद्दल बोलण्यासारखे काही उरलेले नसते. हा प्रश्न म्हणूनच प्रवेशाचा नसून टिकून राहण्याचा आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्या महाविद्यालयाच्या आवारातच घडतो. या भागाचे स्वरूप समजून घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. एक ऐतिहासिक दाखला

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत या कारणास्तव तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. गांधीजींच्या मार्गाने आग्रह धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षणाचे राहील आणि त्यांच्या उपस्थितीने संस्थेतील वातावरण बिघडता कामा नये, असे त्यांना सांगण्यात आले. वर्षअखेरीस रामन यांचे त्यांच्या कामाने समाधान झाले आणि तेथे स्त्रियांना प्रवेश खुला झाला. पुढे केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’ या घटकावर संशोधन करून त्यांनी १९३९मध्ये पीएच.डी. संपादन केली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. डॉ. कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरील त्यांचे कार्य प्रसिद्ध आहे.

ही कथा सहसा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. अध्यापकांनी तिच्यातील आणखी एका व्यक्तीकडे लक्ष द्यावयास हवे. बंगळूरला कमलाबाईंचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या होते. ते शिस्तीचे कडक होते. त्यांनी या एकमेव विद्यार्थिनीला सवलत दिली नाही आणि हातचे राखूनही शिकवले नाही. मूळ शोधनिबंध वाचावयास लावणे आणि त्या त्या विषयातील शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करण्यास प्रवृत्त करणे, ही त्यांची पद्धत होती. रामन यांच्या संमतीने दार उघडले हे खरे, परंतु दारातून आत आलेल्या विद्यार्थिनीची संशोधिका झाली ती अशा मार्गदर्शनामुळे.

आज दाराशी कोणी अडवत नाही. मात्र ‘परीक्षणाचे वर्ष’ संपले आहे काय, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक विद्यार्थिनी आपण येथे योग्य आहोत की नाही, याचा अंदाज अध्यापकाच्या लहानसहान वागण्यातून घेत असते.

३. गळतीची ठिकाणे

गळती एकाच ठिकाणी होत नाही. साधारणतः चार टप्पे दिसून येतात.

पहिला टप्पा माध्यमबदलाचा. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञान शिकू लागते. तिला न समजलेली गोष्ट बहुधा संकल्पना नसते, वाक्य असते. पण वर्गातील तिचे मौन ‘विषय झेपत नाही’ असे वाचले जाते आणि कालांतराने तीही तसेच मानू लागते. ही अडचण मुलांनाही असते. परंतु मुलगा चुकतमाकत विचारतो, मुलगी चुकण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करते, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे.

दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाच्या टेबलावरचा. तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटात मल्टिमीटर कोणाच्या हाती असतो आणि निरीक्षणे कोण टिपते, हे एकदा शांतपणे पाहावे. बहुतेक वेळा मुलगा जोडणी करतो व मुलगी नोंदी लिहिते. ‘तिचे अक्षर चांगले आहे’ हे कारण सर्वांना मान्य असते. तीन वर्षांनी तिचे जर्नल सर्वोत्कृष्ट असते, पण मंडल बिघडल्यास दोष कोठे शोधावा हे तिच्या हाताला ठाऊक नसते. नोकरीच्या मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते.

तिसरा टप्पा वेळेचा. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींचे सारे वेळापत्रक एस.टी.च्या वेळेला बांधलेले असते. दुपारचे प्रात्यक्षिक लांबले की शेवटची गाडी चुकण्याची धास्ती असते. शिवाय महाविद्यालयातील पुष्कळशी उपयुक्त माहिती वर्ग सुटल्यावर फिरते. प्रयोगशाळेच्या दारात, विभागात, चहाच्या टपरीवर ‘अरे, त्या परीक्षेचा अर्ज भरलास का?’ असे सर विचारतात. त्या वेळी मुली बसस्थानकावर असतात. येथे कोणाचाही हेतू वाईट नसतो, तरी माहिती एका बाजूलाच पोहोचते.

चौथा टप्पा तृतीय वर्षाच्या उत्तरार्धातला. पुढे काय, हा निर्णय या चार-सहा महिन्यांत होतो. घरी स्थळे येऊ लागलेली असतात, शहरात राहण्याचा खर्च व सुरक्षितता यांची चिंता असते आणि पुढील शिक्षणाची वाट नेमकी कशी आहे हे कुटुंबात कोणालाच माहीत नसते. अशा वेळी ज्याच्याकडे माहिती आहे व ज्याच्या शब्दाला घरात मान आहे, असा एकच मनुष्य उरतो, तो म्हणजे अध्यापक.

४. अध्यापकाचे नकळत निवाडे

आपण सर्व विद्यार्थ्यांना समान लेखतो, असे प्रत्येक अध्यापक प्रामाणिकपणे मानतो. या समजुतीची परीक्षा पाहणारा एक अभ्यास अमेरिकेत झाला व २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. मॉस-रॅक्युसिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज तयार केला. विज्ञान विभागांतील १२७ अध्यापकांपैकी काहींना तो ‘जॉन’ या नावाने, तर काहींना ‘जेनिफर’ या नावाने पाठवला. अर्जातील बाकी मजकूर शब्दशः सारखा होता. तरीही जॉन अधिक सक्षम ठरला. त्याला सुचवलेले सरासरी वार्षिक वेतन सुमारे ३०,२०० डॉलर, तर जेनिफरला सुचवलेले सुमारे २६,५०० डॉलर होते. लक्षणीय बाब अशी की, हा फरक पुरुष अध्यापकांनी जितका केला तितकाच स्त्री अध्यापकांनीही केला. प्रश्न अध्यापक स्त्री की पुरुष हा नसून, समाजातून आपल्या सर्वांच्या मनात उतरलेल्या प्रतिमेचा आहे.

ही प्रतिमा फार लवकर तयार होते. बियान, लेस्ली व सिंपियन यांच्या २०१७च्या अमेरिकेतील अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘अतिशय हुशार’ व्यक्ती म्हणून स्त्रीची निवड मुलांइतक्याच सहजतेने आपल्या बाजूने करत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घटलेले आढळले. आपल्याकडील भाषेत या प्रतिमेचा ठसा दोन विशेषणांत दिसतो. चांगले गुण मिळवणारा मुलगा ‘हुशार’ असतो, तर तेवढेच गुण मिळवणारी मुलगी ‘मेहनती’ असते. मेहनत हा गुण थोरच आहे. परंतु गणित किंवा भौतिकशास्त्र हे उपजत बुद्धीचे काम आहे असे एकीकडे मानायचे आणि मुलीचे यश केवळ मेहनतीच्या खाती जमा करायचे, याचा अर्थ पुढची पायरी तिची नाही, असे तिला सांगणे होय.

याच वर्गात मोडणारा आणखी एक निवाडा सद्हेतूने दिलेल्या सल्ल्याचा आहे. ‘एम.एस्सी. कशाला, बी.एड. कर, मुलींना बरे पडते.’ शिक्षकी पेशा सन्मानाचाच आहे आणि ज्या विद्यार्थिनीला तो मनापासून हवा आहे तिने तो अवश्य स्वीकारावा. आक्षेप आहे तो तिला काय हवे हे विचारण्यापूर्वीच उत्तर दिले जाते याला. तोच सल्ला वर्गातील तशाच गुणांच्या मुलाला आपण दिला असता काय, हा प्रश्न स्वतःला विचारणे हे अशा वेळी पुरेसे ठरते.

५. वर्ग आणि प्रयोगशाळा

अध्यापनपद्धतीतील बदल किती परिणाम करू शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे आहे. तेथील संगणकशास्त्र पदवी अभ्यासक्रमात १९९५ साली प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण ७ टक्के होते, ते २०००मध्ये ४२ टक्के झाले. जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी या प्रयोगावर २००२मध्ये ग्रंथ लिहिला आहे. प्रवेशासाठी संगणक प्रोग्रॅमिंगच्या पूर्वानुभवाला दिले जाणारे महत्त्व तेथे कमी करण्यात आले. पूर्वानुभव असलेल्या व नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रारंभीचे अभ्यासक्रम वेगळे आखले गेले. लहानपणापासून संगणक हाताळलेला मुलगा अधिक ‘जाणतो’ आणि आपण मागे आहोत, ही मुलींची भावना बव्हंशी अनुभवाच्या फरकातून आलेली होती, क्षमतेच्या नव्हे. कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयानेही २००६नंतर याच दिशेने पावले टाकली आणि काही वर्षांतच तेथील संगणकशास्त्रात मुलींचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत गेले.

आपल्या महाविद्यालयांना प्रवेशाचे नियम बदलता येत नाहीत. तथापि याच तत्त्वावर पुढील गोष्टी कोणत्याही खर्चाशिवाय करता येतात.

(अ) प्रात्यक्षिकात कामांची पाळी ठरवून द्यावी. जोडणी, मापन, नोंद व आकडेमोड ही चार कामे गटातील प्रत्येकाने आळीपाळीने करावीत आणि कोणी काय केले ते जर्नलमध्ये लिहावे. अंतर्गत मूल्यमापनात ‘मंडल जोडून दाखवा’, ‘टायट्रेशन स्वतः करून दाखवा’ असा वैयक्तिक भाग ठेवल्यास पाळी आपोआप पाळली जाते.

(आ) पूर्वानुभवातील दरी प्रथम सत्रातच भरून काढावी. सोल्डरिंग, स्क्रू गेज, सूक्ष्मदर्शक जुळवणे, संगणकावर एखादा लहानसा प्रोग्रॅम चालवून पाहणे यांसाठी पहिल्या महिन्यात दोन-तीन तासिका राखून ठेवाव्यात. मोडतोडीच्या भीतीने उपकरणे कपाटात राहिली, तर ज्याने घरी रेडिओ उघडला आहे तोच पुढे राहणार.

(इ) प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यास उत्तरे दीर्घ होतात आणि एरवी गप्प राहणारे विद्यार्थीही बोलू लागतात. माध्यमबदलाच्या ओझ्याखाली असलेल्या विद्यार्थिनीला मनातल्या मनात भाषांतर करावयास हे दोन सेकंद लागतात. उत्तर मराठीत द्यावयाची मुभाही तितकीच मोलाची आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक म्हणून २०२२मध्ये नियुक्त झालेल्या डॉ. एन. कलैसेल्वी यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमातून झाले होते, हे आपल्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगावे.

(ई) गटप्रमुख, विभागाच्या मंडळाचा अध्यक्ष, प्रदर्शनातील प्रयोग समजावून सांगणारा विद्यार्थी ही कामे मुलींकडे यावीत आणि पाहुण्यांचे स्वागत व रांगोळी ही कामे मुलांकडेही जावीत. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून एकदा नजर फिरवली, तरी विभागाचे मन कळते.

६. आदर्श कोणते दाखवावेत

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगितले होते. त्यांत केवळ २८ चित्रे स्त्रीशास्त्रज्ञाची होती आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. पुढील दशकांत अमेरिकेत हे प्रमाण वाढले. प्रथम वर्षाच्या वर्गात हाच प्रयोग दहा मिनिटांत करता येतो आणि चर्चेला उत्तम प्रारंभ मिळतो.

आदर्श व्यक्तींचा परिणाम होतो, याला पुरावा आहे. फ्रान्समध्ये ब्रेडा व सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात विज्ञानक्षेत्रातील स्त्रिया माध्यमिक शाळांच्या वर्गांत जाऊन केवळ एक तास बोलल्या. त्यानंतर बारावीच्या समकक्ष वर्गातील गुणवान मुली निवडक व पुरुषप्रधान विज्ञान अभ्यासक्रमांकडे वळण्याचे प्रमाण वाढले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा एक निष्कर्ष आपल्या महिला दिनाच्या कार्यक्रमांना विचार करावयास लावणारा आहे. ‘या क्षेत्रात स्त्रिया किती कमी आहेत’ यावर भर देणाऱ्या भाषणांपेक्षा ‘हे काम प्रत्यक्षात कसे असते, त्यातून काय मिळते’ हे सांगणारी भाषणे अधिक परिणामकारक ठरली.

यावरून निवडीचे एक सूत्र मिळते. आनंदीबाई जोशी व कल्पना चावला यांची छायाचित्रे भिंतीवर अवश्य असावीत, परंतु त्यांच्याकडे पाहून मुलीला आदर वाटतो, वाट दिसत नाही. वाट दिसते ती चार वर्षांपूर्वी याच बाकावर बसलेल्या व आज एखाद्या औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करणाऱ्या ताईला पाहून. तिला किती पगार आहे, ती कोठे राहते, पहिल्या मुलाखतीत तिला काय आले नाही, घरच्यांना तिने कसे समजावले, हे प्रश्न मुली तिलाच विचारू शकतात. ज्यांना सविस्तर आत्मकथने वाचायची असतील त्यांच्यासाठी भारतीय विज्ञान अकादमीने २००८मध्ये प्रकाशित केलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ विभागाच्या ग्रंथालयात असावा. त्याच्या संपादकांपैकी एक, पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४), यांनी मूलकणांच्या सैद्धान्तिक अभ्यासाबरोबरच विज्ञानातील स्त्रियांच्या प्रश्नासाठी आयुष्यभर कार्य केले. मुंबईत १९७३मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेशीही महाविद्यालयांना संपर्क साधता येईल.

७. माहिती, मुदती आणि शिफारसपत्र

प्रोत्साहन हा शब्द आपण भाषणाच्या अर्थाने वापरतो. विद्यार्थिनीच्या दृष्टीने प्रोत्साहन म्हणजे अर्जाची शेवटची तारीख वेळेवर कळणे. विभागाच्या सूचनाफलकावर पुढील बाबींचे वर्षभराचे कोष्टक लावावे आणि ते वर्गात, तासिकेच्या वेळेतच वाचून दाखवावे.

केंद्राच्या इन्स्पायर कार्यक्रमांतर्गत (प्रारंभ २००८) बारावीला आपल्या मंडळाच्या परीक्षेत अग्रभागी असणाऱ्या व मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती अभियांत्रिकीच्या पदवी व पदविकेच्या विद्यार्थिनींसाठी असून, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या व उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. आयआयटीमध्ये २०१८पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या व तेथील मुलींचे प्रमाण २०२०पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. बी.एस्सी.च्या विद्यार्थिनींसाठी एम.एस्सी. प्रवेशाची ‘जॅम’ परीक्षा, तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम यांची माहिती द्वितीय वर्षाच्या प्रारंभीच व्हावयास हवी. तृतीय वर्षात ती बहुधा उशिराची ठरते. योजनांच्या अटी व मुदती बदलत असल्याने दरवर्षी मूळ सूचना पाहून कोष्टक अद्ययावत करणे आवश्यक आहे.

शिफारसपत्राकडे स्वतंत्रपणे पाहावयास हवे. ‘कु. अमुक ही शांत, आज्ञाधारक, नियमित व नम्र विद्यार्थिनी असून तिचे हस्ताक्षर सुंदर आहे’ असे पत्र प्रेमानेच लिहिलेले असते. पण निवड समितीच्या हाती त्यातून काहीही लागत नाही. त्याऐवजी ‘तिने विहिरीच्या पाण्याच्या नमुन्यांतील क्षारतेचे मापन स्वतः केले, दोन नमुन्यांची निरीक्षणे विसंगत आल्यावर द्रावण पुन्हा प्रमाणित करून चूक शोधली’ असे एक वाक्य पुरेसे आहे. स्वभावाचे वर्णन कमी व केलेल्या कामाचे वर्णन अधिक, हा नियम पाळला की मुलगा-मुलगी हा भेद पत्रातून आपोआप निघून जातो. अर्थात असे वाक्य लिहिता यावे म्हणून तिला असे काम करावयास मिळाले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार अभ्यासक्रमात आलेले क्षेत्र प्रकल्प व इंटर्नशिप ही त्यासाठी चालून आलेली संधी आहे.

८. पालकांशी संवाद

पालक विरोधक असतात असे गृहीत धरून बोलू नये. बहुसंख्य वडिलांची भीती तीन प्रश्नांत मावते : खर्च किती, राहणार कोठे, आणि पुढे काय. या प्रश्नांना उपदेशाने नव्हे, तपशिलाने उत्तर द्यावे. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचे शुल्क, तेथे आधीपासून राहणाऱ्या आपल्या तालुक्यातील मुलीची तिच्या संमतीने घालून दिलेली गाठ, नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात ही वस्तुस्थिती, यांचा प्रभाव मोठ्या शब्दांपेक्षा अधिक पडतो. शक्य असल्यास आईशीही बोलावे. घरातला अंतिम शब्द तिचा नसला, तरी पहिला पाठिंबा पुष्कळदा तिचाच असतो. एकाच गावातील दोन मुलींनी एकत्र अर्ज केल्यास दोन्ही घरांची चिंता निम्मी होते. पालकसभा अंतिम वर्षाच्या निकालानंतर नव्हे, द्वितीय वर्षातच घ्यावी; निर्णय तोवर झालेले नसतात.

विवाह हा शिक्षणाचा शेवट नव्हे, हेही सांगावयास हवे. कारकिर्दीत खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत येता यावे यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभाग २००२-०३पासून स्वतंत्र योजना राबवत आला असून, आज त्या ‘वाइज-किरण’ या नावाखाली एकत्रित आहेत.

९. मर्यादा व संस्थेची जबाबदारी

या सर्वाचा भार एकट्या अध्यापकावर टाकणे अन्यायाचे होईल. अनेक विभाग तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या बळावर चालतात. एका तुकडीत उपकरणांपेक्षा विद्यार्थी अधिक असतात. एस.टी.चे वेळापत्रक अध्यापक बदलू शकत नाही, पण प्राचार्यांचे पत्र आगारप्रमुखांपर्यंत जाऊ शकते आणि प्रात्यक्षिकांच्या तुकड्या गावांच्या अंतरानुसार पाडता येतात. प्रयोगशाळेच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह असणे व २०१३च्या कायद्यानुसारची अंतर्गत समिती कागदावरून प्रत्यक्षात येणे, या बाबी विज्ञान शिक्षणाच्याच आहेत. अभ्याससहलीत किंवा प्रयोगशाळेत एखादीला वाईट अनुभव आला आणि तो दडपला गेला, तर तिच्यामागून येणाऱ्या दहा जणींची वाट घरूनच बंद होते.

नॅक मूल्यांकनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांच्या पुढील प्रगतीची माहिती आपण गोळा करतोच. त्या तक्त्यात मुली व मुले यांचे स्वतंत्र रकाने करून, पदवीनंतर तीन वर्षांनी कोण कोठे आहे याची नोंद प्रत्येक विभागाने ठेवावी. पहिल्याच वर्षी ती वाचणे कदाचित अस्वस्थ करणारे ठरेल; परंतु आपले प्रयत्न फळास येत आहेत की नाहीत हे सांगणारे दुसरे साधन नाही.

१०. समारोप

विज्ञानाच्या वर्गात मुली आल्या आहेत. त्यासाठी त्यांच्या मागील तीन-चार पिढ्यांनी किंमत मोजली आहे. आता त्यांना वर्गापलीकडे नेण्याचे काम उरले आहे आणि त्यासाठी नव्या योजनेची किंवा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. उपकरण कोणाच्या हाती आहे, प्रश्नानंतर आपण किती थांबतो, अर्जाची तारीख कोणाकोणाला कळली, शिफारसपत्रात स्वभाव लिहिला की काम, आणि ‘तुला पुढे काय करायचे आहे?’ हा प्रश्न आपण तिला सल्ला देण्यापूर्वी विचारला काय, हे पाच निर्णय अध्यापक दररोज घेत असतो. ते नकळत घेण्याऐवजी जाणीवपूर्वक घेतले, तर प्रत्येक तुकडीतून आणखी दोन-तीन मुली पुढे जातील. संख्या लहान वाटेल. परंतु पुढील वर्षीच्या तुकडीला वाट दाखवणाऱ्या ताई त्याच असतील.